पुसणं

उद्यमबागेत, जॅकच्या कारखान्यामागं
शिवरुद्र कम्मारांचं पत्र्याचं शेड.
मी खानापूरहून साडेसातच्या बसनं आलेली,
पिशवीत जुना चाकू, कापडात गुंडाळून,
आजारी माणसाचे रिपोर्ट नेतात तसा.

तो त्यांनी आधी बघितलाच नाही.
टेबलावर चार तुकडे मांडले.

"ह्ये बेअरिंगचं. बारीक दाण्याचं. केस उभा चिरतंय.
खरं ओलं ठेवलात तर रातीत तांबडं."

"ह्यो पाटा, बसच्या स्प्रिंगचा.
अर्धं आयुष्य कोल्हापूर, अर्धं धारवाड.
डबा उघडा, नारळ सोला, मोडत न्हाई.
खरं कलमाला जाडं."

"ह्ये करवतीचं. महिनाभर धार हलत न्हाई,
आणि गेली की तुमच्या दगडाला दाद देत न्हाई.
खाली पडलं की काच."

चौथ्याबद्दल काहीच बोलले नाहीत.
पुण्याहून मागवलेली पट्टी, लेबल अजून चिकटलेलं,
लग्नात आलेल्या ताटासारखी चकचकीत.
मलाही तिचा मोह नव्हता.

म्हटलं, सगळ्यात चांगलं कुठलं?
ते हसले. "अक्का, उक्कू चांगलं न्हाई, वाईट न्हाई.
कुणाच्या हातात, त्ये बघायचं."

उक्कू. आम्ही पोलाद म्हणतो.
नंदगडचे जुने लोहार तिखं म्हणायचे.
ठिणगीला यातलं काहीच ऐकू जात नाही.

मग ते पुसायला लागले.
काय कापता?
काजूची कलमं.
दिवसाला किती?
हंगामात दोनशे.
काप कसा?
तिरका, एका ओढीत. पातं दुसऱ्यांदा फिरवलं
तर साल फाटते,
खुंट आणि काडी एकमेकांना ओळख देत नाहीत.
धार कोण लावतंय?
मीच. नर्सरीच्या हौदाच्या काठावर.
आणि काम झालं की पुसता?

पुसते, म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझा जुना चाकू उघडला.
कष्टानं उघडला.
बिजागरीत काजूचा चीक, डांबरासारखा.
पात्यावर गंजाचे ठिपके,
एक तर पार धारेपर्यंत पोचलेला.
अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितला. घसरला.
शेजारी पोरगा ग्राइंडर चालवत होता,
मी त्याच्याकडंच बघत राहिले.

चार वाजले की कलमं सावलीत न्यायची असतात,
पाणी, मोजणी, वही, पाचची बस.
चाकू मिटते तसाच, ओला.
हा ज्यांनी दिला ते इनास मेस्त्री
प्रत्येक कापानंतर पुसायचे, सदऱ्याच्या टोकाला,
बोलता बोलता, न बघता.
पुसते म्हणाले ते मी त्यांच्याबद्दल.

"पुसत नाही," म्हटलं.

त्यांनी तीन तुकडे डब्यात टाकले.
चौथा पुढं सरकवला.
"चारशे चाळीस सी. बेअरिंगइतकं बारीक न्हाई.
दगडावर दहा ओढी जास्त घालाव्या लागतील.
खरं विसरलेलं माफ करतंय, थोडं."
मग परत, "थोडंच. बिजागरी तरी पुसा."

मला राग आला.
मनात ते करडं बेअरिंगचंच पातं होतं,
आणि ते वापरणारी दुसरीच कुणी बाई,
काम संपलं की तेलाचा बोळा घेऊन
निवांत बसणारी.
मी तिच्यासाठी चाकू करायला टाकणार होते.
तिला पाचची बस गाठायची नसते.

पंधरा दिवसांनी नेला. साडेआठशे घेतले.
स्टँडवर उभ्या उभ्या उघडला, मिटला, उघडला.
पात्यात बसची पाटी उलटी दिसली.
उलटी झाली की कुठलीच लिपी वाचता येत नाही.

पहिल्या दिवशी एकशे साठ कलमं.
चार वाजता ओलाच मिटला.

फाटकापाशी थांबून परत उघडला,
बिजागरी तेवढी
पदरानं पुसली.